बीसीएल-२ च्या तयार लायसेटचा बँड वर का येतो, आणि त्या व्हायलवर किती भिस्त ठेवायची

ताई म्हणून विचारलंयस म्हणून एकेरीतच लिहिते. आधी तुझा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुलाही बघता येईल. तू बीसीएल-२ चा, म्हणजे पेशीला मरू न देणाऱ्या प्रोटीनचा, ओव्हरएक्स्प्रेशन लायसेट (ते प्रोटीन मुद्दाम भरपूर बनवायला लावलेल्या पेशींचा अर्क) मागवलास, २९३टी पेशींचा, वेस्टर्नला, म्हणजे जेलवर प्रोटीन आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीनं ओळखायच्या ब्लॉटला, पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून. एकाच जेलवर तो, तुझ्या एमसीएफ-७ आणि ४टी१ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींच्या लेन, डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध दिलेल्या आणि न दिलेल्या. व्हायलच्या लेनमध्ये जाडजूड बँड आला पण २६ केडीला (किलोडाल्टन, प्रोटीनच्या वजनाचं माप) नाही, २९-३० च्या आसपास. एमसीएफ-७ मध्ये बरोब्बर २६ ला फिकट बँड. ४टी१ कोरी. क्लीव्ह्ड कॅस्पेज-३, म्हणजे पेशी मरताना तुटून जागं होणारं प्रोटीन, बघितलं तर एमसीएफ-७ मध्ये औषध देऊनही काहीच नाही. गाईडचं म्हणणं लायसेट खराब निघालाय, परत मागव. आणि शेवटी तू विचारतेस की त्याच व्हायलमध्ये बीसीएल-२ आणि बॅक्स (त्याच घराण्यातलं, पण पेशीला मारणारं प्रोटीन) यांचा को-आयपी, म्हणजे एकाला अँटिबॉडीनं ओढून दुसरं त्याला धरून येतं का हे बघणं, करता येईल का.

लायसेट खराब नाहीये गं. परत मागवू नकोस, पैसे वाचव. मला तर तुझ्या ब्लॉटमध्ये चुकीचं काही दिसतच नाही, जे जिथं दिसायला हवं तिथंच दिसतंय आणि जे नाही दिसलं त्यालाही कारण आहे, फक्त ती कारणं व्हायलबरोबर आलेल्या दोन पानी कागदावर एका ओळीत उरकलेली असतात आणि आपण तो कागद सगळ्यात शेवटी वाचतो. को-आयपी मात्र त्यात होणार नाही, त्याच्याकडं नंतर येते.

पहिले व्हायलमध्ये काय आहे ते बघ. २९३टी पेशींमध्ये बीसीएल-२ चं जीन असलेलं प्लाझ्मिड टाकतात, साधारण दोन दिवस थांबतात आणि पेशी फोडून जो रस निघतो तो लायसेट. २९३टीच का, तर त्यांच्यात एसव्ही४० विषाणूचं लार्ज टी अँटिजेन असतं, त्यामुळं एसव्ही४० चं ओरिजिन असलेलं प्लाझ्मिड पेशीत गेल्यावर त्याच्या भरमसाट कॉपी होतात आणि प्रोटीन उदंड मिळतं. विकणाऱ्याला ओळखायला आणि तपासायला सोपं जावं म्हणून त्या प्रोटीनच्या टोकाला टॅग लावतात, बहुतेक वेळा मिक आणि फ्लॅग दोन्ही. फ्लॅग म्हणजे आठ अमिनो अ‍ॅसिड, मिक म्हणजे दहा, मधे जोडायला थोडे अजून, सगळं मिळून दोन-तीन केडी वाढतात. शिवाय या दोन्ही टॅगमध्ये अ‍ॅसिडिक अमिनो अ‍ॅसिड ठासून भरलेली, म्हणून जेलमध्ये ते हिशेबापेक्षाही जरा हळू पळतात. मूळ बीसीएल-२ २३९ अमिनो अ‍ॅसिडचं, २६ केडीचं. त्यात ही भर घाल, २९-३० आलंच. म्हणजे तुझ्या एमसीएफ-७ मधला २६ चा फिकट बँड हाच अस्सल, पेशीचा स्वतःचा बीसीएल-२, आणि व्हायलमधला शेपूट लावलेला. तू उलटं समजलीस, की व्हायलमधला बरोबर आणि एमसीएफ-७ वाला नॉनस्पेसिफिक. खात्री करायची असेल तर तोच मेम्ब्रेन स्ट्रिप करून फ्लॅगच्या अँटिबॉडीनं लाव, फक्त व्हायलची लेन उजळेल आणि नेमकी त्याच उंचीला. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

टॅग कुठल्या टोकाला आहे तेही कागदावर बघून ठेव. बीसीएल-२ चं सी-टोक म्हणजे त्याचा नांगर, त्या तेलकट शेपटीनंच ते मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्याला, ईआरला (पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याला) आणि न्यूक्लिअसच्या पडद्याला चिकटून बसतं. टॅग त्याच टोकाला असेल तर ते नेहमीसारखं रुतून बसेलच असं धरून चालू नये. नुसता बँड बघायचा तर काही फरक पडत नाही, पण कुणी उठून त्याच प्लाझ्मिडवर 'बीसीएल-२ कुठं बसतं' याचे इमेज काढायला लागलं तर त्यानं याचा विचार आधी करायला हवा.

आता मला तुला थोडं रागवायचंय, प्रेमानं. त्या पॅकमध्ये दोन व्हायल आल्या असतील. एक बीसीएल-२ ची आणि दुसरी रिकाम्या प्लाझ्मिडची, एम्प्टी व्हेक्टर. तू दुसरी लोडच केली नाहीस, लेन वाया जाते म्हणून. माझ्या मते त्या पॅकमधली जास्त कामाची व्हायल तीच. जाड बँड दिसला एवढ्यानं अँटिबॉडी बीसीएल-२ ओळखते हे कळलं, पण ती बीसीएल-२ लाच ओळखते, दुसऱ्या कशाला नाही, हे रिकाम्या व्हायलशिवाय कसं कळणार? तेच २९३टी, तेवढंच प्रोटीन, तेच ट्रान्सफेक्शन, फक्त जीन नाही. त्या लेनमध्ये ५५ ला एखादा बँड आला आणि तुझ्या सॅम्पलमध्येही ५५ ला आला तर तो सोडून द्यायचा हे लगेच कळतं. जास्त वेळ एक्सपोज केलंस तर रिकाम्या लेनमध्ये २६ ला पुसटशी रेघ दिसू शकते, घाबरू नकोस, तो २९३टीचा स्वतःचा असतो.

आणि या २९३टी पेशींबद्दल एक गोष्ट, जी अ‍ॅपॉप्टोसिसवर, म्हणजे पेशीच्या ठरवून होणाऱ्या मरणावर, काम करणाऱ्याला माहीत असायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. मूळ २९३ पेशी १९७३ च्या सुमारास हॉलंडमधल्या लायडनला, व्हॅन डर एब यांच्या लॅबमध्ये फ्रँक ग्रॅहम यांनी बनवल्या, गर्भाच्या किडनीच्या पेशींत अ‍ॅडेनोव्हायरस-५ च्या डीएनएचे तुकडे घालून. त्यांचा तो २९३ वा प्रयोग, म्हणून नाव २९३. विषाणूच्या त्या तुकड्यात ई१ए आणि ई१बी ही जीन आली आणि ई१बीमधलं १९के नावाचं प्रोटीन काय करतं, तर बीसीएल-२ चंच काम, यजमान पेशीला मरू देत नाही. म्हणजे ज्या पेशीत आपण मरण थांबवणारं प्रोटीन अभ्यासायला घालतोय त्या पेशीत विषाणूनं आणून ठेवलेला त्याचा जोडीदार आधीच बसलाय. कंट्रोल बँडसाठी २९३टी उत्तम. पण 'बीसीएल-२ वाढवल्यावर पेशी औषधाला दाद देत नाही' असलं वाक्य २९३टीच्या जिवावर लिहायचं नाही, त्यासाठी दुसरी पेशी घे.

४टी१ कोरी का? ती उंदराची आहे! तुझी अँटिबॉडी क्लोन १२४ असं लिहिलंयस. ती मानवी बीसीएल-२ च्या ४१ ते ५४ नंबरच्या तुकड्यावर बनवलेली आहे आणि उंदराच्या प्रोटीनमध्ये तो तुकडा तसाच्या तसा नाही, मधली काही अमिनो अ‍ॅसिड बदललेली आहेत. त्यामुळं ती अँटिबॉडी उंदराचं बीसीएल-२ बघतच नाही, पेशीत कितीही असलं तरी. म्हणजे तुझ्या कोऱ्या लेनवरून '४टी१ मध्ये बीसीएल-२ नाही' असं लिहायचं नाही. माणूस आणि उंदीर दोन्ही ओळखणारी सशाची अँटिबॉडी घे, आणि कंट्रोलही उंदराचा हवा, २९३टीमधला मानवी नाही. उंदराचा स्प्लीन चांगला, त्यात लिम्फोसाइट भरलेले असतात आणि त्यांचा जीव बीसीएल-२ वरच असतो. ज्या उंदरांमधून हे जीनच काढून टाकलं त्यांचे लिम्फोसाइट पटापट मरून गेले, किडन्या बिघडल्या आणि अंगावरचे केस काही आठवड्यांत करडे पडले, कारण केसांना रंग देणाऱ्या पेशीही याच प्रोटीनवर तगून असतात. १९९३ चं काम आहे ते. मला ही केसांची गोष्ट फार लक्षात राहिलीय, एका प्रोटीनचा पसारा कुठून कुठवर असतो बघ.

स्प्लीन वापरताना एक खड्डा आहे. स्प्लीनमध्ये उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडी असतात, त्यांची लाइट चेन २५ केडीला पळते. तू उंदराची प्रायमरी आणि अँटी-माउस सेकंडरी वापरलीस तर २५ ला सणसणीत बँड येणार आणि तो बीसीएल-२ चा नसणार. एका केडीचा फरक जेलवर डोळ्याला कळत नाही. म्हणून सशाचीच प्रायमरी घे असं म्हणतेय.

क्लीव्ह्ड कॅस्पेज-३ चं उत्तर तर त्याहून सोपं आणि दरवर्षी कुणीतरी या खड्ड्यात पडतंच. एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेज-३ नाहीच. जीनमध्ये तिसऱ्या एक्सॉनमधले ४७ बेस गळालेले आहेत, प्रोटीन बनतच नाही, १९९८ पासून माहीत आहे. तू कितीही डॉक्सोरुबिसिन ओत, १७-१९ ला काही येणार नाही. याचा अर्थ पेशी मरत नाहीत असा नाही, कॅस्पेज-७ वगैरे बाकीची मंडळी काम करतातच. तू पार्प बघ, कॅस्पेज जे तोडतात ते प्रोटीन, अख्खं ११६ आणि तुटलेलं ८९, एमसीएफ-७ मध्येही ८९ येतं. आणि कॅस्पेज-३ ची अँटिबॉडी चालते का हे तपासायला जुर्कट (माणसाच्या टी-पेशींच्या ल्युकेमियाच्या) पेशींचा लायसेट लाव, एक साधा आणि एक इटोपोसाइड हे पेशी मारणारं औषध दिलेला, २५ मायक्रोमोलर पाच तास म्हटलं तरी पुरतं. हा कंट्रोल तुला लॅबमध्येच बनवता येईल. पेशी नसतील तर पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) पेशींच्या रिपॉझिटरीकडं विचार, आपल्याकडच्या बऱ्याच लॅब तिथूनच घेतात.

इथं एक विचारायचं राहिलं. औषध दिल्यावर प्लेटमधलं मीडियम तू काय करतेस? टाकून देतेस ना? सगळे तेच करतात, कारण पेशी धुण्याची पहिली पायरी म्हणजे जुनं मीडियम ओढून टाकणं हीच आपल्या हातात बसलेली असते. पण अ‍ॅपॉप्टोसिसमध्ये मरणाऱ्या पेशी प्लेटवरून सुटून मीडियममध्ये तरंगायला लागतात! तू ज्यांना शोधतेयस त्यांनाच सिंकमध्ये ओततेस आणि जे चिवट वाचलेत त्यांचा लायसेट करतेस. मग कुणी म्हणतं औषध चालत नाही, कुणी म्हणतं बीसीएल-२ वाढलं. मीडियम फाल्कनमध्ये काढ, धुतलेलं पीबीएसही त्यातच ओत, चिकटलेल्या पेशी खरवडून त्यातच घाल, मग ३०० ते ५०० जीला पाच मिनिटं फिरव. पेलेट डोळ्यांना वेगळं दिसतं, न दिलेल्यापेक्षा जरा भुसभुशीत.

मी पीएचडीला असतानाचा एक प्रसंग सांगते कारण तुझ्या जेलचा लेआउट बघून मला तोच आठवला. तेव्हा आम्ही एक्स-रे फिल्म वापरायचो, डार्करूमच्या लाल दिव्यात. मी ओव्हरएक्स्प्रेशन लायसेट लेन दोनमध्ये भरला होता, तीस मायक्रोग्रॅम, कारण माझी सॅम्पलंही तीस होती आणि सगळीकडं सारखंच भरायचं असं डोक्यात पक्कं होतं. लेन तीनमध्ये माझी औषध न दिलेली पेशी. फिल्म डेव्हलपरमध्ये हलवताना दोन नंबरचा बँड क्षणात काळा ठिक्कर झाला, आणि तीन नंबरमध्येही डावीकडून एक रेघ उमटली, डावीकडं जाड, उजवीकडं निमुळती होत गेलेली, शेपटीसारखी. मी ती बीसीएल-२ म्हणून वहीत चिकटवली. पुढचे तीन आठवडे मी 'माझ्या पेशींत बीसीएल-२ आहे आणि औषधानं ते कमी होतं' असं धरून प्रयोग लावत होते. शेवटी लॅबमधल्या एका सीनिअरनं फिल्म उजेडाला धरून एवढंच विचारलं, हा बँड एका बाजूला जाड का आहे? विहिरीतून शेजारी सांडलेला लायसेट होता तो. मग मी लेन बदलून चालवलं आणि तीन नंबरची ती रेघ नाहीशी झाली.

म्हणून ओव्हरएक्स्प्रेशन लायसेट कधी सॅम्पलशेजारी भरायचा नाही. जेलच्या एका टोकाला, मधे एक-दोन विहिरी नुसत्या सॅम्पल बफरनं भरलेल्या, आणि प्रमाणही कमी, पाच मायक्रोग्रॅम सुद्धा पुष्कळ होतं. आणि पाच मायक्रोग्रॅमच का भरलं असं गाईडनं विचारलं तर रिकाम्या व्हायलचा लायसेट मिसळून एकूण प्रोटीन वीस कर. खरं तर याहून चांगलं म्हणजे बीसीएल-२ चा लायसेट रिकाम्या लायसेटमध्येच पाचपट, पंचवीसपट, सव्वाशेपट पातळ करत जा आणि तीन लेन लाव. प्रत्येक लेनमध्ये एकूण प्रोटीन तेवढंच राहतं, बीसीएल-२ तेवढं उतरत जातं. तुझी अँटिबॉडी कुठवर दिसते ते कळतं, बँड कुठं सॅच्युरेट होतो ते कळतं, आणि मग तुझ्या एमसीएफ-७ चा फिकट बँड त्या शिडीवर कुठं बसतो ते सांगता येतं. नाहीतर जळून काळ्या झालेल्या बँडची डेन्सिटी काढून बॅक्स-बीसीएल-२ रेशो दोन दशांशांपर्यंत लिहिलेले मी बघितलेत, मला ते बघवत नाही.

आता को-आयपी. व्हायलचा कागद बघ, लायसेट कशात आहे. एसडीएस सॅम्पल बफरमध्ये असेल तर विषय संपला, प्रोटीन उलगडून सरळ झालंय, कुणाला धरून ठेवायला त्याचा आकारच उरला नाही. रिपा नावाच्या बफरमध्ये असेल तरी त्यात एसडीएस आणि डीऑक्सिकोलेट असतं, बऱ्याच जोड्या सुटतात. पण बीसीएल-२ घराण्याचा खरा घोळ याच्याही पुढचा आहे. सौम्य म्हणून आपण ट्रायटन एक्स-१०० किंवा एनपी-४० घेतो ना, तेच इथं फसवतात. १९९७ मध्ये ह्सू आणि यूल यांनी दाखवलं की ही डिटर्जंट बॅक्सचा आकारच बदलतात आणि पेशीत जोडी नसतानाही ट्यूबमध्ये जोडी लावून देतात. चॅप्स नावाच्या डिटर्जंटमध्ये असं होत नाही. विचार कर, तू पेशी फोडलीस आणि फोडण्याच्या बफरनंच तुझा निकाल तयार करून दिला, बँड सुंदर, तीनदा रिपीटही होणार, आणि पेशीत ते घडलेलंच नाही. म्हणून या घराण्याचा को-आयपी ताज्या पेशींवर, एक टक्का चॅप्समध्ये, आणि शक्य असेल तर एकदा ट्रायटनमध्येही शेजारी करून फरक बघायचा. आणि परत तोच २५ केडीचा त्रास, ज्या अँटिबॉडीनं ओढलंस तिची लाइट चेन बीसीएल-२ च्याच उंचीला येणार आणि बॅक्सही २१ ला, फार लांब नाही. ओढायला एका प्राण्याची आणि ब्लॉटला दुसऱ्या प्राण्याची अँटिबॉडी घे, किंवा फक्त हेवी चेन ओळखणारी सेकंडरी वापर.

लायसेट म्हटलं की आपल्याला ही मेलेली, गोठवलेली व्हायल आठवते, पण या विषयातले मोठे शोध लायसेटमध्येच लागलेत, ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९९४ मध्ये न्यूमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेनोपस बेडकाच्या अंड्यांचा अर्क ट्यूबमध्ये ठेवला, पेशी नाहीतच, नुसता अर्क, आणि त्यात न्यूक्लिअस अ‍ॅपॉप्टोसिससारखे तुटायला लागले. बीसीएल-२ घातलं की थांबायचं. आणि त्यासाठी मायटोकॉन्ड्रिया असलेला भाग लागतो हेही कळलं. मग १९९६ मध्ये शियाओडोंग वांग यांच्या लॅबनं हेला या माणसाच्या कॅन्सर पेशींचा अर्क घेतला, त्यात डीएटीपी टाकलं आणि कॅस्पेज-३ जागं झालं. अर्कातला कुठला घटक हे करतो ते भाग पाडत पाडत शोधत गेले, तर हाती लागलं सायटोक्रोम सी, शाळेत श्वसनाच्या धड्यात भेटणारं! ज्याचं काम पेशीला ऊर्जा मिळवून देण्याचं तेच मायटोकॉन्ड्रियातून बाहेर पडलं की मरणाची घंटा वाजवतं. बीसीएल-२ ते बाहेर पडू देत नाही, बॅक्स आणि त्याचं भावंड बॅक पडद्याला भोकं पाडून बाहेर काढतात, पुढं अ‍ॅपाफ-१, कॅस्पेज-९, कॅस्पेज-३ अशी साखळी. आजही कॅस्पेजचा कंट्रोल म्हणून जो जुर्कटचा अर्क विकत मिळतो त्यातला एक प्रकार असाच बनवतात, ट्यूबमध्येच सायटोक्रोम सी घालून.

यातून तुझ्या रोजच्या कामाला एक गोष्ट घे. पेशी फोडल्यावर सगळं थांबतं असं नाही. फोडताना मायटोकॉन्ड्रिया फाटले, सायटोक्रोम सी सुटलं, कॅस्पेज तिथंच आहेत, ट्यूब खोलीच्या तापमानाला राहिली तर कापाकापी चालूच राहू शकते. म्हणून बर्फ, म्हणून इनहिबिटर. पीएमएसएफ (प्रोटीन तोडणारी एन्झाइम थांबवणारं इनहिबिटर) सकाळी बफरमध्ये घालून संध्याकाळी वापरू नकोस, पाण्यात ते टिकत नाही, पीएच ८ ला बाहेर ठेवलं तर तासाभरात निम्म्याहून जास्त निकामी. पेशींवर ओतायच्या आधी घाल. आणि जिवंत, औषध दिलेल्या मानवी पेशींत कधी बीसीएल-२ च्या खाली, २३ च्या आसपास अजून एक बँड दिसला तर लगेच 'डिग्रेड झालं' म्हणून फेकू नकोस, कॅस्पेज बीसीएल-२ ला ३४ व्या जागेवर तोडतात आणि तो तुकडा उलट मरणाच्या बाजूनं काम करतो. ती तुझी बायॉलॉजी असू शकते.

स्वतःचा लायसेट बनवताना रिपा घातल्यावर तुला दिसेल की टिप उचलली की ट्यूबमधून एक तार निघते, एकतारी पाकासारखी, लांब, पारदर्शक, तुटता तुटत नाही. तो डीएनए. तसाच भरलास तर विहिरीत नीट बसत नाही, उचलला जातो आणि शेजारी जातो. बर्फावर सोनिकेटरनं दोन-तीन छोटे झटके दे किंवा बारीक सुईतून आठ-दहा वेळा ओढ, तार बंद झाली की मग १४,००० जीला पंधरा मिनिटं, चार अंशाला. फक्त सौम्य बफर वापरलास, म्हणजे डिजिटोनिन वगैरे, तर बीसीएल-२ पडद्याबरोबर पेलेटमध्येच राहतं आणि वरचं पाणी लोड करून लोक म्हणतात प्रोटीन नाही. प्रोटीन मोजायचं तर रिपाला बीसीए ही पद्धत चालते, ब्रॅडफोर्ड ही पद्धत डिटर्जंटनं बिघडते. विकतचा लायसेट सॅम्पल बफरमध्ये असेल तर तो बीसीएनं मोजू नकोस, त्यातलं मर्कॅप्टोइथॅनॉल किंवा डीटीटी खोटं जास्त रीडिंग देतं, लेबलवरचा आकडा धर.

व्हायल ठेवण्याबद्दल. बाहेरून येणारा माल ड्राय आईसमध्ये येतो आणि आपल्याकडं मुंबईत उतरल्यापासून हातात पडेपर्यंत मधे शनिवार-रविवार किंवा सण आला की जीव टांगणीला लागतो. आमचं एक पार्सल ऐन गणपतीत अडकलं होतं, उघडलं तेव्हा खोक्यात ड्राय आईसचा कणही नव्हता, व्हायल पाण्यासारखी पातळ. तेव्हापासून मी दोन गोष्टी करते. ऑर्डर टाकताना कॅलेंडर बघते, आणि पार्सल उघडताना फोटो काढते, आत किती ड्राय आईस उरलाय आणि व्हायल गोठलेली आहे का, तारीख-वेळेसकट, बदलून मागायची वेळ आली तर तोच पुरावा. मग लगेच दहा-दहा मायक्रोलिटरच्या ट्यूब करून उणे ऐंशीला. एक ट्यूब एकदाच वितळवायची, उरलं तर टाकायचं. वाईट वाटतं टाकताना, पण चौथ्यांदा वितळवलेल्या लायसेटवर ब्लॉट फसला तर दोष अँटिबॉडीचा, लायसेटचा की हाताचा हे शोधण्यात आठवडा जातो.

तू लिहिलंयस की एवढ्या एका बँडसाठी किती खटपट. मला मान्य आहे, पण हे प्रोटीन तसं आहे गं. १९८४-८५ मध्ये ते सापडलं फॉलिक्युलर लिम्फोमामध्ये, १४ आणि १८ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होऊन हे जीन चुकीच्या जागी जाऊन बसतं तिथून. सगळ्यांना वाटलं असेल की कॅन्सरचं जीन म्हणजे पेशी वाढवणारं. १९८८ मध्ये मेलबर्नला डेव्हिड व्हॉक्स, सुझन कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी दाखवलं की हे पेशीला वाढवत नाही, मरू देत नाही. पेशींना जगायला लागणारा इंटरल्यूकिन-३ हा ग्रोथ फॅक्टर काढून घेतला तरी पेशी तशाच बसून राहिल्या. तिथून पुढं २०१६ मध्ये वेनेटोक्लॅक्स अमेरिकेत मंजूर झालं, सीएलएल नावाच्या ब्लड कॅन्सरवर, बीसीएल-२ च्याच खाचेत जाऊन बसणारी गोळी. आज कुठल्यातरी रुग्णाला हे औषध लागू पडेल की नाही याच्या मागं बीसीएल-२ किती, त्याच घराण्यातलं एमसीएल-१ किती, कोण कुणाला धरून बसलंय असले प्रश्न असतात, आणि त्यांची उत्तरं अशाच ब्लॉटांनी सुरू होतात. तुझ्या २६ आणि २९ मधला फरक क्षुल्लक नाहीये.

तर आता पुढचा जेल असा लाव. बारा टक्के चालेल, क्लीव्ह्ड कॅस्पेजही त्यातच बघायचं तर पंधरा. मेम्ब्रेन ०.२ मायक्रॉनचा पीव्हीडीएफ, छोटी प्रोटीनं ०.४५ मधून आरपार जातात. मार्कर, मग एमसीएफ-७ साधी आणि औषधाची, तरंगणाऱ्या पेशींसकट, मग जुर्कट साधी आणि इटोपोसाइडची, मग दोन विहिरी नुसत्या बफरच्या, मग रिकाम्या व्हेक्टरचा लायसेट, आणि अगदी कडेला बीसीएल-२ चा, पंचवीसपट पातळ केलेला. जुर्कटमध्ये स्वतःचं बीसीएल-२ असतं, टॅगशिवायचं, तुझ्या एमसीएफ-७ च्या बँडच्या ओळीत बरोब्बर बसेल आणि गाईडना दाखवायला तेवढं एक चित्र पुरेल. बीसीएल-२ झालं की वरच्या अर्ध्यावर पार्प लाव, मेम्ब्रेन ५० च्या मार्करला आडवा कापून घेतलास तर एकाच वेळी होतं. ४टी१ या जेलवर नको, ती सशाची अँटिबॉडी आली की वेगळी चालव. आणि स्प्लीनसाठी तुमच्या अ‍ॅनिमल हाऊसला आधीच सांगून ठेव, दुसऱ्या कुणाच्या प्रयोगातले उंदीर सॅक्रिफाइस होतात त्या दिवशी बर्फाचा डबा घेऊन जा, टिश्यू निघाल्यावर पाच मिनिटांत पीबीएसमधून धुऊन तुकडे करून गोठव, एवढ्याशा स्प्लीनमधून वर्षभर पुरेल इतका कंट्रोल निघतो.